फोंड्यानं खाली, आंबोलीनं वर

पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलेल्या, गावात बऱ्यापैकी चालवणाऱ्या, पण घाट म्हटलं की पोटात गोळा येणाऱ्या बायकांसाठी हे लिहितेय. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या नवऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. आम्ही दोघंच २०२४ च्या मे महिन्यात कोल्हापूरहून मालवणला आमच्या गाडीनं जाऊन आलो. अंतर फार नाही, फोंडा घाटानं गेलं तर दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. तरी जायचं ठरल्यापासून निघेपर्यंत मला धड झोप नव्हती. यांना गाडी येत नाही. उभी हयात एम-एटीवर आणि नंतर स्कूटरवर काढली. म्हणजे जाताना मी, येताना मी, आणि मध्येच हात भरून आले तरी मीच.

आधी कागदांचं सांगते, कारण त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. चाळिशी ओलांडलेल्यांना शिकाऊ लायसनच्या अर्जाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, फॉर्म १-अ. डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलेलं चालत नाही, त्या ठरावीक नमुन्यातच हवं. शिकाऊ लायसन निघाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते आणि शिकाऊची मुदत सहा महिने असते. ड्रायव्हिंग स्कूलवाले तिसाव्या दिवशीच टेस्टला उभं करायला बघतात. मी हटून बसले आणि हात साफ झाल्यावरच गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पक्कं लायसन घरी आलं.

गाडी सेकंडहँड वॅगनआर, फेब्रुवारीत घेतली, इचलकरंजीच्या एका गृहस्थांकडून. आरसी बुक आपल्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, ते एजंट भरून देतो. पण इन्शुरन्स आपल्या नावावर करून घ्यायला कायद्यानं चौदा दिवसच मिळतात, आणि हे एजंट आपणहून सांगत नाही. खरा वैताग दिला फास्टॅगनं. जुन्या मालकांचा टॅग काचेवर तसाच होता. आता एका गाडीला एकच टॅग, त्यामुळे जुना बंद झाल्याशिवाय नवा निघत नाही, आणि तो बंद करू शकतात फक्त जुने मालक. भला माणूस, पण ‘आज करतो ताई’ म्हणायची सवय. दोन आठवडे रोज संध्याकाळी एक फोन. शेवटी हे स्वतः स्कूटरवरून इचलकरंजीला गेले, त्यांच्यासमोर बसले, कस्टमर केअरला फोन लावायला लावला आणि चहा पिऊनच उठले. सेकंडहँड गाडी घेताना पैसे हातात ठेवायच्या आधी टॅग बंद करून घ्या. नंतर कुणाला घाई नसते. पीयूसीचं काम मात्र सोपं, सव्वाशे रुपये आणि दहा मिनिटं. कागद मोबाईलच्या डिजीलॉकरमध्ये असले तरी झेरॉक्सचा एक संच गाडीत ठेवाच. दाजीपूरच्या जंगलात रेंज शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

घाटाचा सराव जोतिबाच्या डोंगरावर केला. चैत्र यात्रेची गर्दी ओसरल्यावर, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना शेजारी बसवून. एका वेळचे चारशे रुपये त्यांनी घेतले आणि ते वसूल झाले. चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, आणि मागं न घसरता पुन्हा उचलायची, एवढंच ते माझ्याकडून घोटून घेत राहिले. मी विचारलं, उताराचं काय? म्हणाले, “ज्या गेरमध्ये चढला असता त्याच गेरमध्ये उतरायचं. ब्रेक म्हणजे चवीपुरतं मीठ.” पुढं फोंड्यात हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल!

तारीख ठरत नव्हती, कारण हे शिक्षक. ७ मे २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि यांना निवडणुकीची ड्युटी. सहा तारखेला सकाळी साहित्य घेऊन केंद्रावर गेले ते सात तारखेला मध्यरात्र उलटल्यावर, मशीन जमा करून, घरी आले. आठ तारीख झोपेत गेली. मग ठरलं, नऊला गुरुवारी निघायचं आणि तेराला सोमवारी परतायचं. शनिवार-रविवार घाटात अख्खा पश्चिम महाराष्ट्र उतरलेला असतो, त्या दिवशी आपण समुद्राजवळ बसून राहायचं. माझ्या पतसंस्थेत रजा टाकली. साहेबांनी विचारलं, ड्रायव्हर कोण? मी म्हटलं, मी. ते जरा वेळ अर्जाकडेच बघत राहिले.

रस्ता कुठला धरायचा यावर घरात, शेजारात आणि नणंदेच्या घरी स्वतंत्र बैठका झाल्या. जवळचा म्हणजे गगनबावड्याचा करूळ घाट. पण तो जानेवारीपासून रुंदीकरणासाठी बंद होता आणि तिकडची वाहतूक भुईबावडा घाटावर आली होती. तो अरुंद, वळणं आवळलेली. नव्या हाताला नकोच. आंबोली सुरेख, पण लांबून पडते. म्हणून जाताना राधानगरी-दाजीपूर-फोंडा आणि येताना आंबोली असं ठरवलं. येताना मुद्दाम वेगळा घाट, कारण आंबोली चढताना बघायची होती.

नऊला सकाळी सहाला निघालो. पुईखडी, हळदी, भोगावती करत राधानगरी. मे महिन्याचा एक फायदा कुणी सांगत नाही: साखर कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो, त्यामुळे या रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या नसतात. डिसेंबरात ह्याच रस्त्यावर ट्रॅक्टरमागे तासभर रांगावं लागतं. राधानगरीत पोहे आणि चहा, दोघांचे मिळून ऐंशी रुपये. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेला हा लक्ष्मी तलाव, मे असून बऱ्यापैकी पाणी होतं. इथून पुढं गव्यांचं अभयारण्य लागतं. वनखात्याच्या पाट्या आहेत, वेग कमी ठेवा, हॉर्न नको. आम्हाला गवा दिसला नाही, शेण दिसलं. यांनी त्याचाही फोटो काढला.

घाटाच्या तोंडाशी मी गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायले आणि एक काम केलं. मागच्या काचेवर चिठ्ठी डकवली: ‘नवीन चालक. पुढे जा.’ हसू नका, या चिठ्ठीनं फार काम केलं. मागचा ट्रकवाला हॉर्न मारायचा थांबला, वळण संपलं की मी डावीकडे दाबून हात दाखवायचे, तो निघून जायचा. वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियमच आहे. तो आपण पाळला की समोरचाही हात वर करून जातो. दुसरा गेर, पाय ब्रेकच्या वर नुसता ठेवलेला, वळणाच्या आधी हॉर्न. यांचा उजवा पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर सतत दाबलेला. “अहो, मॅट फाटंल,” म्हटलं. “तू पुढं बघ की,” म्हणाले. निम्म्या घाटात एका रुंद जागी थांबलो. एका ट्रकच्या चाकांतून ब्रेक जळाल्याचा कडवट वास येत होता आणि क्लीनर चाकाखाली दगड लावून बिडी ओढत उभा होता. त्यानं आमची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “कोण शिकतंय, मावशी का काका?” घाट उतरायला फार तर पाऊण तास लागला असेल. खाली फोंड्यात काच उघडली तर कढत, दमट हवा तोंडावर आली. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली होती, ते मागं पडलं होतं.

कणकवलीवरून चौपदरी हायवे, कसालला उजवीकडे वळलं की मालवण. दुपारी बाराच्या आत पोचलो. आणि इथं मला कळलं की घाबरायचं होतं ते घाटाला नाही, मालवणच्या गल्ल्यांना. बाजारपेठेत दोन बाजूंना दुकानं, मध्ये दुचाक्या, त्यात कुणीतरी सुरमई टोपलीत घेऊन रस्ता ओलांडतंय. आम्ही खोली घेतली होती देवबागला. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं, माड आणि एक रस्ता. त्या रस्त्यावर समोरून लाल एसटी आली. डावीकडे चिऱ्याचा गडगा, उजवीकडे माडाचं खोड. एसटी मागं जाणार नाही हे उघड होतं. कंडक्टर खाली उतरला, माझ्या मागं जाऊन उभा राहिला आणि हातानं दाखवत म्हणाला, “सावकाश घेवा बाय, आमका खंयची घाई!” पन्नासेक पावलं गाडी मागं घेतली मी, आरशात फक्त त्याचा हात बघत. एसटीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या. बाजूनं जाताना एकीनं अंगठा दाखवला. तो प्रसंग घाटापेक्षा मोठा होता माझ्यासाठी. देवबाग-तारकर्लीला जाणाऱ्यांनी रिव्हर्सचा सराव करून जा, घाटाचा थोडा कमी केला तरी चालेल.

खोली ‘न्याहारी व निवास’वाल्या घरात होती. एसी, रात्रीचे बावीसशे, फोनवर बोलून हजार रुपये आगाऊ पाठवले होते. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: गाडी आवारात लागते का, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, आणि जेवण घरात बनतं का. मे महिन्यात लाईट जातेच. घरमालकीणकाकूंच्या हातचं जेवण म्हणजे माशाचं ताट साडेतीनशे, सोलकढी पाहिजे तितकी. आमचे हे कोल्हापूरचे, पहिल्या घासाला म्हणाले, “तिखट नाही.” तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांचं सुकं चौथ्यांदा मागून घेतलं, तेव्हा तिखटाचा विषय निघाला नाही.

दहा तारखेला अक्षय्य तृतीया. सकाळी लवकर सिंधुदुर्ग किल्ला करायचा ठरवलं होतं. साडेसातला देवबागहून निघालो, मालवणात धक्क्याजवळ गाडी लावायला जागा मिळाली ती आठच्या आत पोचल्यामुळेच. नऊनंतर तिथं रांगेत उभं राहावं लागतं, गाडीलाही आणि माणसांनाही. होडीचं तिकीट माणशी शंभरच्या आसपास, लाइफ जॅकेट घालावंच लागतं. होडी भरेपर्यंत अर्धा तास थांबलो. किल्ल्यावर तासभर मिळतो आणि त्याच होडीनं परतायचं, म्हणून आधी ठरवून घ्या काय बघायचं. उन्हात सगळ्या तटावरून फिरायचा हट्ट नको, तट जवळजवळ तीन किलोमीटरचा आहे. आम्ही दरवाजाजवळचे महाराजांच्या हातापायाचे ठसे, शिवराजेश्वराचं मंदिर आणि गोड्या पाण्याच्या विहिरी बघितल्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी त्यांची नावं. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये हे. या किल्ल्याचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं. मंदिराचा सभामंडप आमच्या शाहू महाराजांनी बांधलेला, हे वाचल्यावर यांचा ऊर भरून आला. १८१२ पर्यंत मालवण आणि हा किल्ला कोल्हापूर संस्थानाकडेच होता, हे त्यांनी होडीतल्या पुण्याच्या कुटुंबाला परतीच्या वाटेवर पूर्ण सांगितलं. ते बिचारे लाइफ जॅकेटमध्ये, जाणार कुठे? पावसाळ्यात, मेअखेर ते ऑगस्टअखेर, ही होडीसेवा बंद असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर आधी फोन करून विचारा.

दुपारी आमरस-पुरी काकूंनीच आग्रहानं वाढली. संध्याकाळी पाण्यात जायचं होतं, तर काकांनी भरतीचा हिशेब शिकवला: तिथीला पाऊणपट करायचं. तृतीया, म्हणजे सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती, तिथून पुढं सहा तास ओहोटी. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं, तेव्हा गुडघ्याच्या पुढं जायचं नाही. आम्ही गुडघ्यापर्यंतच गेलो. स्कुबा, पॅरासेलिंग, बनाना राईड असं सगळं बोलावत होतं, आम्ही खुर्च्या टाकून बसलो. यांना ड्युटीचा शीण होताच, मी घाटाचा शीण आहे असं सांगून टाकलं.

शनिवार-रविवार गाडीची चावी काकूंच्या खुंटीवर लटकत राहिली. शनिवारी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना बघितली. होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून ठेवलेलं असतं, त्याची दोन टोकं दोन बाजूंना. प्रत्येक बाजूला माणसांची रांग. कमरेला दोरीचा फास, तो रापणीच्या दोराला अडकवायचा आणि पाठीमागं चालत जायचं. शेवटचा माणूस वाळूत वर पोचला की फास सोडतो, पळत पाण्याशी जातो आणि पुन्हा पहिला होतो. त्यात सत्तरीचे आजोबाही होते, फासाच्या जागी त्यांच्या बनियनला भोक पडलेलं. तास-दीड तास असं चाललं. मग जाळ्याचं पोट वाळूवर आलं, आत चांदीसारखी तारली, थोडे बांगडे, दोन-तीन खेकडे आणि बरेच जेलीफिश. घारी डोक्यावर, बगळे पायात. मासळीचे तिथंच वाटे पडले. यांनी सहज एक दोर धरून ओढू लागायचा प्रयत्न केला, तर एकजण म्हणाला, “सर, असो नाय, कमरेन वडूचा.” हे ‘सर’ आहेत हे त्याला कसं कळलं कोण जाणे. शिक्षक लपत नाही. ओढू लागल्याबद्दल ओंजळभर तारली मिळाली, काकूंनी दुपारी तळून दिली.

सोमवारी, तेराला, साडेसहाला निघालो. मालवणहून कुडाळला जाताना चौके-धामापूरचा आतला रस्ता धरा, मोठ्या गाड्या कमी. धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातला, काठाला भगवती देवीचं देऊळ, पाणी इतकं शांत की मोबाईल बंद करावासा वाटला. वाटेत एका बागेतून हापूस घेतले, डझनाला साडेचारशे. पुढं सावंतवाडी, मोती तलावाकाठी चहा, चितारआळीत नातवासाठी लाकडी भोवरा. दाणोली सोडली की आंबोलीचा चढ सुरू होतो. चढ मला उतारापेक्षा सोपा वाटला. गाडी गेर मागते तेव्हा द्यायचा, बस. एका वळणावर टँकर थांबलेला, त्यामागं मला चढावरच गाडी थांबवावी लागली. हँडब्रेक, हाफ क्लच, आणि इंचभरही मागं न जाता गाडी उचलली. हे काही बोलले नाहीत, फक्त पाण्याची बाटली उघडून पुढं केली. धबधबा कोरडा होता, पण वर आल्यावर काचेतून येणारी हवा बदलली ती बदललीच.

आजऱ्याच्या पुढं वळवानं गाठलं. मोठे थेंब, मग थोड्या गारा. अशा वेळी झाडाखाली उभं राहू नका, आम्ही एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली वीस मिनिटं थांबलो. उत्तूरवरून निपाणी, तिथून हायवे. कोगनोळीच्या टोलनाक्यावर नवा टॅग पहिल्यांदा वाजला आणि फाटक उघडलं. टोलला हाकलून लावणाऱ्या गावचे आम्ही, टोल भरताना एवढा आनंद कधी झाला नव्हता. चारच्या सुमारास घरी पोचलो.

खर्च विचारणारे विचारतातच म्हणून सांगते: पेट्रोल साधारण तेवीसशे, राहणं अठ्ठ्याऐंशीशे, जेवणखाण सहा हजारांच्या आत, होडी, टोल, आंबे, भोवरा आणि यांनी घेतलेलं खाजं, मालवणी मसाला वगैरे धरून अठरा-एकोणीस हजारांत सगळं बसलं. शेवटचं काम राहतं ते गाडी धुण्याचं. समुद्रावरून आल्यावर नुसती वरून पुसू नका, खाऱ्या हवेनं खालचा पत्रा गंजतो. दुसऱ्या दिवशीच वॉशिंगला न्यायला हवी, खालून प्रेशरनं मारून घ्यायला सांगायचं. आमच्या कोपऱ्यावरच्या पोरानं साडेतीनशे घेतले. मॅटखालची वाळू झाडताना त्याला डाव्या बाजूला पायापाशी मॅट घासून झिजलेली दिसली. “काकी, इकडं ब्रेक नसतोय की,” म्हणाला. मी म्हटलं, सरांना सांग.